न्हाणीच्या पाण्यावरचे सुख

जमिनीसंबंधी माणसाने जितके कागद लिहिले तितके त्याने देवासंबंधीही लिहिले नसतील. आमच्या धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर निजामी अमदानीतील सेतवार, त्यामागून आलेली खासरा पाहणीची पत्रके आणि आजचा सर्वपरिचित सात-बारा अशा या कागदांच्या पिढ्याच्या पिढ्या तहसिलीच्या दफ्तरखान्यांत फडक्यांत बांधून ठेवलेल्या आहेत. त्यांत जिरायत किती, बागायत किती, पोटखराब किती, विहिरीत हिस्सा कोणाचा, याचा तपशील सापडतो, आणि त्याच तपशिलावरून दोन-दोन पिढ्या चाललेल्या फिर्यादींच्या मिसलीही सापडतात. परंतु घराच्या मागे, न्हाणीची मोरी जिथे भिंतीबाहेर पडते तिथे, बारा महिने ओल धरून राहणाऱ्या त्या चार हात जागेची दखल कोणत्याही गिरदावराने कधी घेतली नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तर ‘खुली जागा’ या दोन शब्दांत तिचा निकाल लागतो. आमच्या मुलखातील घरगुती सुखाचा निदान चौथा हिस्सा याच चार हातांवर पिकत असे असे माझे मत आहे. ती जागा आज झपाट्याने नाहीशी होत आहे, आणि तिच्या वतीने कोणी तरी कैफियत मांडावयास हवी म्हणून हा लेखनप्रपंच.

परसबागेवर लिहिणारे आजवरचे बहुतेक लेखक पाणथळ प्रदेशांतले. ज्याच्या आगरात रहाट फिरतो आणि ज्याच्या दारी आषाढात आपसूक हिरवळ येते, त्याला फुलांविषयी लिहावयास फारसे कारण लागत नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली पुस्तकरूपाने आले. महिन्यामहिन्याला सृष्टीचे रूप कसे पालटते हे त्यात ज्या रसिकतेने टिपले आहे ते वाचताना आम्ही बालाघाटाच्या पठारावरची माणसे मनोमन थोडी खट्टू होतो. कारण आमच्याकडे महिने फुलांवरून मोजले जात नसत, आडाच्या दोरावरून मोजले जात. पौषात दोर इतका लागे, फाल्गुनात त्याला एक गाठ वाढे, आणि वैशाखात पोहरा तळाशी खरवडून वर येई तेव्हा त्यात पाण्यापेक्षा गाळ अधिक असे. अशा मुलखात कोणी मोगरा लावतो तेव्हा ती हौस नसते. तो घरातल्या पाण्याच्या जमाखर्चात केलेला एक धाडसी फेरफार असतो.

हा जमाखर्च कसा चाले ते नव्या पिढीला सांगितले पाहिजे. डोक्यावरून आलेली पहिली घागर रांजणात, म्हणजे पिण्याकडे. दुसरी स्वयंपाकाकडे. ज्या पाण्याने ज्वारी निवळायची, डाळ-तांदूळ धुवायचे, पालेभाजी खळखळायची, ते पाणी फेकून देणे हा अपराध समजला जाई. ते तपेल्यात धरून तुळशीला किंवा कढीपत्त्याला घातले जाई. आंघोळीचे पाणी न्हाणीच्या दगडावरून मोरीत, मोरीतून भिंतीपलीकडे, आणि तिथून कुदळीने ओढलेल्या वीतभर रुंदीच्या चारीतून अळूकडे जाई. अळूच्या पुढे कर्दळ, कर्दळीच्या पुढे केळीचा एखादा खुंट, आणि केळीने सोडलेच तर चारी संपते तिथे शेवगा. या क्रमात शहाणपण होते. अळू आणि कर्दळ यांना ओल कितीही चालते. त्यांच्या मुळांत पाणी रेंगाळते, निवळते, आणि मग ते पुढे सरकते. भांडी त्या काळी राखेने घासली जात, डोके शिकेकाईने धुतले जाई, म्हणून त्या पाण्यात झाडाला जाचेल असे फारसे काही नसे. ज्याला आज मोठमोठ्या परिषदांतून सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणतात, तो आमच्या आज्जीने कोणताही ठराव मंजूर न करता, एका कुदळीच्या आणि एका दगडाच्या भरवशावर चालवला होता.

आणि त्या चारीच्या काठी जे उगवे त्याची किंमत कोणत्या बाजारभावाने करावी? फोडणी तडतडू लागल्यावर घरातून हाक यावी, आणि पोराने धावत जाऊन कढीपत्त्याची एक काडी ओरबाडून आणावी. ती काडी तेलात पडताक्षणी जो वास उठे, तो बाजारातून आणून पिशवीत गुदमरलेल्या पाल्याला कधी येत नाही. पहिल्या पावसानंतर अळूचे पान एवढे मोठे होई की त्यावर साठलेला पाण्याचा टपोरा थेंब एका कडेकडून दुसऱ्या कडेला घरंगळवीत बसणे हा आम्हा मुलांचा अर्ध्या दुपारचा उद्योग असे. जांबाचे (पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात त्याचे) झाड असेल तर कोणता जांब पोपटाने अगोदर टोचला आहे याची चौकशी रोज सकाळी तोंड धुण्याआधी करावी लागे, कारण पोपटाचा कौल गोडीच्या बाबतीत सहसा चुकत नाही. शेवग्याच्या शेंगा एकट्याच्या घरात कधी संपत नसत. चार शेंगा शेजारी, चार समोरच्या वाड्यात, आणि त्यांच्या बदल्यात तिकडून कधी वाटीभर ताक, कधी दोडका, कधी नुसताच निरोप. हा देवघेवीचा व्यवहार कोणी वहीत मांडला नाही म्हणून तो कधी तुटला नाही.

मात्र या सगळ्यांत मला मानाची वाटे ती गुलबक्षी. हिला कोणी मुद्दाम लावीत नाही. मिऱ्यासारखे काळे बी आपोआप पडते आणि पुढच्या मृगात उगवते. दिवसभर ही बाई तोंड मिटून असते. उन्हे कलली, चार-साडेचारचा सुमार झाला, की एकेक कळी उकलू लागते, आणि दिवेलागणीला सारे झुडूप गुलाबी-पिवळे होऊन दरवळते. घरात घड्याळ एकच, तेही वडिलांच्या बैठकीत. म्हणून गुलबक्षी उमलली की चहाचे आधण टाकायचे असा आमच्या माजघराचा शिरस्ता होता. पावसाळी ढगांत फूल कधी लवकर उमले, आणि त्या दिवशी चहाही लवकर होई. वेळेच्या बाबतीत एवढी उदारता पुढे आयुष्यात कोणत्याही कचेरीने मला दाखवली नाही.

सुखाच्या या प्रकाराची तुलना करण्यासारखी दुसरी वस्तू आमच्याच जिल्ह्यात आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला बांध घालून इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, 1613 च्या सुमारास, पाणीमहाल उभारला गेला. बांधाच्या पोटात, वाहत्या पाण्याच्या मागे, बसण्याची दालने काढलेली आहेत. नदी भरली की ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांचे दोन प्रपात बांधावरून कोसळतात, आणि खिडकीशी बसलेल्या माणसाच्या पुढून पाण्याचा पडदा सरकत राहतो. एवढा कोरडा मुलूख, आणि त्यात एका राजाला सुख म्हणून काय सुचावे, तर पडणाऱ्या पाण्याकडे अंग न भिजता बघत बसणे! त्या कारागिरीपुढे मी अनेकदा नतमस्तक झालो आहे. पण नदीला पूर असेल तेव्हाच तो प्रपात, आणि सुलतानाची स्वारी येईल तेव्हाच ते सुख. न्हाणीमागच्या चारीला मात्र रोज सकाळी पूर येत असे, आणि त्याला दगडी बांधाची नव्हे, घरातल्या माणसांनी आंघोळ करण्याची तेवढी अपेक्षा असे.

तेरला जाण्याचा योग आला तर तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात अवश्य जावे. परदेशी प्रवाशांनी तगर म्हणून ज्याची नोंद केली तेच हे सातवाहनकालीन व्यापारी नगर. संग्रहालयात पाहुणे हस्तिदंती कामापुढे थबकतात, ते योग्यच आहे. माझे पाय मात्र मातीच्या लहानसहान जिनसांपुढे खिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा लेकराच्या हातची खेळणी, कोणाच्या घरची मातीची भांडी, कोणाच्या गळ्यातले मणी! त्याच गावी पुढे गोरोबाकाकांसारखा संत कुंभाराच्या आव्यापाशी घडला, आणि मडके कच्चे की पक्के हे थापटण्याने पारखता पारखता त्याने संतांचीही पारख केली, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. साम्राज्याची मुद्रा पुसली जाते, आणि मातीचे खेळणे जमिनीच्या पोटात शाबूत राहते.

येथवर लिहून झाल्यावर माझे मलाच अडखळायला झाले. ही सारी सुखे कोणाची होती? अथेन्समध्ये एपिक्युरस नावाच्या तत्त्ववेत्त्याने ख्रिस्तपूर्व 306 च्या सुमारास एका बागेत आपली पाठशाळा भरवली, ती ‘बाग’ याच नावाने प्रसिद्धीस आली, आणि थोडक्यात संतुष्ट कसे राहावे याचा बोध तिथून जगाला झाला. पण त्या बागेला पाणी कोण घालीत होते हे मी अद्याप कुठे वाचलेले नाही. आमच्या परसाला पाणी कोण घालीत होते ते मला माहीत आहे. माझी आई पहाटे चांदण्यात आडावर जाई. तिच्या डोक्यावरच्या प्रत्येक घागरीतला शेवटचा थेंब अळूपर्यंत पोहोचे, ही गोष्ट खरी. परंतु अळूचा थेंब घरंगळवायला आम्ही होतो, जांब तोडायला आम्ही होतो, गुलबक्षीपाशी बाजेवर बसून चहा प्यायला वडील होते. तिला मी त्या झाडाच्या सावलीत बसलेली पाहिल्याचे आठवत नाही. एकदा मात्र पाहिली होती: दुपारी सारे निजलेले असताना ती चारीच्या काठी उकिडवी बसून कर्दळीच्या बुडातली माती बोटांनी उकरीत होती, आणि काही तरी पुटपुटत होती. मी जवळ गेलो तर गप्प झाली. “काय करलालीस गं?” म्हणून मी विचारले, तर म्हणाली, “काय नाही, बोललाले हिच्यासंग.” त्या चार हात जागेत तिचाही वाटा होता तर, फक्त तो तिने आम्हाला दाखवला नव्हता.

तीच गोष्ट माळवदाची. माळवदाच्या घराची आठवण काढून हळहळणारी माणसे आता पुष्कळ भेटतात. उन्हाळ्यात माळवदावर पाणी शिंपडून अंथरुणे घालावीत, ताऱ्यांकडे बघत आजोबांकडून नक्षत्रांची नावे ऐकावीत, कुरडया-सांडगे वाळत घालावेत आणि राखणीला बसलेल्या पोरांनीच त्यातला निम्मा चीक फस्त करावा, हे सुख खरेच होते. पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर हातभर मातीचे ओझे, हे घर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन करून थकून निजलेल्या माणसांच्या अंगावर कसे कोसळले ते सास्तूरपासून किल्लारीपर्यंतच्या मुलखाने पाहिले आहे. त्यानंतर कोणी माझ्यापुढे जुन्या घरांचे नुसते गोडवे गाऊ लागला की मी विषय बदलतो. नवे घर लोखंडाचे आणि सिमेंटचे असावे याबद्दल माझी यत्किंचित तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की छत पक्के करताना आपण अंगणही पक्के केले. छत कोसळून माणसे मेली. अंगणातल्या मातीने कोणाचा जीव घेतल्याचे ऐकिवात नाही.

हा अपराध मी स्वतः केलेला आहे, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही. काही वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती काढली तेव्हा चिखल नको, डास नकोत, गाडी लावायला सोय हवी, अशा सर्वथैव योग्य कारणांनी परसात कुंपणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. न्हाणीची मोरी नळीने थेट गटाराला जोडली. काम चालू असताना शेजारच्या वृद्ध मावशी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. पाच-दहा मिनिटे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “लेकरा, मातीचं तोंडच शिवून टाकलालास व्हय रं?” मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या उन्हाळ्यात ते परस तव्यासारखे तापले. रात्री अकरालाही अनवाणी पाय ठेववेना. चिमण्या येईनाशा झाल्या, कारण चिमणीला धुळीत लोळायला धूळ लागते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आणि डास? ते गटारात मजेत होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. ज्या जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ अंगावर काढला, ज्याच्या शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, जिथे आजही अनेक वस्त्यांत नळाची वाट दिवसेंदिवस पाहावी लागते आणि दसरा-दिवाळी होताच ऊसतोडीसाठी संसार बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये घालून माणसे बाहेर पडतात, तिथे मोगऱ्याच्या आणि गुलबक्षीच्या गोष्टी सांगणे म्हणजे भरल्या पोटाचा विलास नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच, की नळाचे स्वच्छ पाणी रबरी नळीने हिरवळीवर फवारणारी बाग मी मागत नाही. तो खरोखरच विलास आहे, आणि टंचाईच्या काळात त्याला बंदीचा हुकूम निघाला तर मी त्याचे स्वागतच करीन. मी जिच्याबद्दल बोलतो आहे ती बाग टंचाईचेच अपत्य आहे. जिथे पाणी मुबलक होते तिथे ते वापरून सोडून दिले गेले. जिथे नव्हते तिथेच ते दोनदा वापरण्याची अक्कल आली. आज मात्र आपण टँकरसाठी अर्ज करतो आणि न्हाणीचे पाणी नळीने गटारात सोडतो, आणि यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटतही नाही.

शोषखड्ड्याची मोहीम सरकारने हाती घेतली, ती चांगली आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने 2000 सालापासून तिचा प्रचार केला, आणि मराठवाड्यातच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी गटारे मोडून घरोघर असे खड्डे केल्यामुळे डासांचा उपद्रव हटल्याचे दाखले आहेत. पण शोषखड्डा पाण्याची विल्हेवाट लावतो. परस त्याचा पाहुणचार करतो. शक्य असेल तिथे दोन्ही असावे. साबणाचे आणि भांडी घासण्याच्या पावडरीचे पाणी खड्ड्यात जाऊ द्यावे, भाजी-तांदळाचे धुवण झाडांना द्यावे, आणि आंघोळीचे पाणी कर्दळ-केळीच्या मुळांतून गाळून घ्यावे. त्यासाठी स्थापत्यविशारद नको, अनुदानही नको. मोरीखाली एक बादली आणि कुंपणाकडेला फरशीवाचून सोडलेली दोन हात माती एवढ्यावर भागते. नगरपालिकांनी घराच्या नकाशाला परवाना देताना एवढी माती मोकळी ठेवण्याची अट घातली आणि अंगणच्या अंगण झाकून टाकणाऱ्याला दोन प्रश्न विचारले, तर तो परवानगीच्या कागदांतला सर्वांत निरुपद्रवी रकाना ठरेल.

सुखाला सरकारी मान्यता मिळू शकत नाही असे नाही. आमच्याकडे आणि लातूरकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, हा सण असा आहे की त्या दिवशी शहरातील रस्ते ओस पडतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला आधी शंका येते की गावात संचारबंदी लागली की काय. मग कळते की सारे गाव शेतात गेले आहे. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेले पांडव, माठातली आंबील, अनेक डाळी-पाल्यांची ती घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याचे शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेताचे आवतण, आणि आवतण नसले तरी वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवण्याची रीत. या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने स्थानिक सुटी असते. हिरव्या ज्वारीत मांडी घालून पोटभर जेवावे आणि दुपारी बांधावर पाठ टेकावी, एवढ्याशा कारणासाठी कचेऱ्यांना कुलूप लागते, ही गोष्ट मला आमच्या जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासातील एक सुसंस्कृत घटना वाटते. वर्षातला एक दिवस शेताला मिळाला. परसाला रोजचा पाव तास मिळाला तर कोणत्या कामकाजाचा खोळंबा होईल?

गेल्या ज्येष्ठात गवंडी बोलावून कुंपणाकडेच्या पेव्हर ब्लॉकच्या दोन रांगा काढून घेतल्या. खालची माती इतकी दगडासारखी झाली होती की पहारीवाचून फुटेना. न्हाणीची नळी कापून मोरीचे तोंड पुन्हा मोकळे केले, आणि मावशींकडून अळूचे चार कांदे व मूठभर काळे बी मागून आणले. मावशी ते देताना काही बोलल्या नाहीत, फक्त कुंपणावरून वाकून खड्ड्यांची खोली पाहिली आणि एक खड्डा आणखी खोल करायला लावला. अळू धरला. कर्दळीचे एक रोप गेले, एक आहे. बी पडले त्यांतली सात-आठ झुडपे उभी राहिली, आणि श्रावणातल्या एका दुपारी मी वर्तमानपत्र वाचीत असताना मागच्या दारातून तांदळाचे धुवण घेऊन गेलेल्या पत्नीची हाक आली, “अहो, ही उमलली बघा.” मी घड्याळाकडे पाहिले. चार वाजायला अजून दहा मिनिटे होती, पण तिने चहाचे आधण टाकलेसुद्धा होते.